घोडबंदर रोडच्या नर्सरीतला धिंगरी (ऑयस्टर) मशरूमचा रेडी बेड: रिव्ह्यू, आणि पिशवीत नेमकं काय चालतं त्याबद्दल बरंच काही

आधीच सांगते, घ्या. घरात मशरूम उगवून बघायचेत, मुलांना काहीतरी खरंखुरं दाखवायचंय, किंवा नुसती ताजी धिंगरी खायचीय, त्या सगळ्यांनी हा बेड जरूर घ्या. साडेतीनशे रुपयांना मिळतो. भाताचा पेंढा ठासून भरलेली पारदर्शक पिशवी, ओली असताना अडीच-तीन किलोची, आत स्पॉन, म्हणजे मशरूमचं बियाणं, आधीच घातलेलं, तोंडाला कापसाचा बोळा आणि बाजूने बारीक भोकं. एवढंच असतं, बाकी पॅकिंगचा थाटमाट काही नाही. पण रिव्ह्यू एवढा लांब लिहितेय त्याचं कारण असं की सोबत जो छापील कागद देतात त्यात काय करा ते आहे, का करा ते कुठेच नाही, आणि एका ठिकाणी तर चक्क उलटं लिहिलंय. मी बायोकेमिस्ट्री शिकलेली, नवी मुंबईत महापेला एका लॅबमध्ये रोज एन्झाइमचंच (म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचंच) काम करते, आणि या पेंढ्यात जे एन्झाइम राबतंय ते माझ्या फार आवडीचं आहे. ते कळलं ना की बेडची काळजी कशी घ्यायची हे वेगळं पाठ करावं लागत नाही, म्हणून दोन्ही एकत्रच सांगते.

नर्सरीत गेलात की सगळ्यात आधी वास घ्या. बेड उचलून कापसाच्या बोळ्याजवळ नाक न्या. चांगला भरलेला बेड असेल तर पेंढ्यावर बुरशीचं पांढरं जाळं पसरलेलं दिसतं आणि वास येतो गोडसर, थोडा बडीशेपेकडे झुकणारा, थोडा बदामाच्या अर्कासारखा. आंबूस किंवा कुजकट वास आला तर तो बेड खाली ठेवा, दुसरा घ्या. तिथल्या दादांना हे माहितीये, ते स्वतःच वास घेऊन बेड निवडून देतात, मला फार बरं वाटलं ते बघून. फक्त हा वास कशामुळे येतो ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, मी सांगितलं तर काउंटर सोडून ऐकत उभे राहिले.

तर तो वास म्हणजे ॲनिसाल्डिहाइड आणि बेन्झाल्डिहाइड. दोन्ही अल्डिहाइड नावाच्या गटातले सुगंधी रेणू, पहिलं बडीशेपेच्या घराण्यातलं आणि दुसरं कडू बदामाचं. धिंगरीची बुरशी आधी ॲनिसिल अल्कोहोल नावाचा छोटा रेणू स्वतःच बनवते, म्हणजे सहा कार्बनचं बेन्झिनचं कडं आणि त्याच्या बाजूला एक कार्बन ज्यावर ओएच गट बसलेला, शिवाय समोरच्या टोकाला ऑक्सिजनने जोडलेला आणखी एक कार्बन. अशा कड्यावाल्या अल्कोहोलांना ॲरोमॅटिक अल्कोहोल म्हणतात. मग बुरशी पेशीच्या बाहेर, थेट पेंढ्याच्या ओलाव्यात, एक एन्झाइम सोडते, त्याचं नाव ॲरिल अल्कोहोल ऑक्सिडेज. हे एन्झाइम त्या अल्कोहोलातून दोन हायड्रोजन काढून घेतं, अल्कोहोलाचं अल्डिहाइड होतं, आणि काढलेले हायड्रोजन ते हवेतल्या ऑक्सिजनला देतं, त्याचं होतं हायड्रोजन पेरॉक्साइड. हो, तेच जे मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं, इथे मात्र अगदी सूक्ष्म प्रमाणात. तुमच्या नाकाला अल्डिहाइड कळतं. बुरशीला हवं असतं पेरॉक्साइड.

पेरॉक्साइड कशाला हवं? पेंढा म्हणजे मुख्यतः सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज, हे बुरशीचं खरं जेवण, पण त्याच्याभोवती लिग्निन भिनलेलं असतं, आडवंतिडवं जोडलेलं, कड्याकड्यांचं, एवढं दाट की एन्झाइमसारखा मोठा रेणू त्यात शिरूच शकत नाही. बहुतेक सूक्ष्मजीव इथेच हार मानतात. धिंगरीकडे पेरॉक्सिडेज नावाची लोहवाली एन्झाइम्स आहेत, ती मँगनीजसारख्या छोट्या गोष्टींमधला इलेक्ट्रॉन खेचून घेतात आणि मग ते छोटे कण आत जाऊन लिग्निन फोडतात. पण या पेरॉक्सिडेजना चालू व्हायला प्रत्येक वेळी पेरॉक्साइड लागतं, आणि गंमत अशी की जास्त झालं तर तीच एन्झाइम्स जळून निकामी होतात. म्हणजे पेरॉक्साइड हवं, पण थोडं थोडं आणि सतत. ते काम आपलं हे ऑक्सिडेज करतं. लिग्निनला ते हातही लावत नाही, पण ते नसेल तर लिग्निन फोडणाऱ्यांना खाऊच मिळणार नाही. मला एन्झाइमांमध्ये असे मागे राहून सगळं चालवणारे फार आवडतात, आणि पुस्तकात त्यांना नेहमी दोनच ओळी मिळतात.

आता पुढचा भाग तर त्याहून सुंदर आहे. अल्डिहाइड तयार झालं, मग काय, वाया गेलं? नाही. बुरशी ते परत पेशीत ओढून घेते आणि आत दुसरं एन्झाइम असतं, ॲरिल अल्कोहोल डिहायड्रोजनेज, ते त्या अल्डिहाइडचं पुन्हा अल्कोहोल करतं आणि अल्कोहोल पुन्हा बाहेर येतं. ठाणे-वाशी लोकलचा रेक जसा तोच दिवसभर इकडून तिकडे फिरतो तसा हा एकच रेणू आतबाहेर फिरत राहतो आणि बाहेरच्या प्रत्येक फेरीला एक पेरॉक्साइड देऊन जातो. त्यामुळे बुरशीला अल्कोहोल भरमसाट बनवावं लागत नाही, थोडक्यात भागतं. आणि दोन एन्झाइम दोन जागी का, याचंही उत्तर सरळ आहे. डिहायड्रोजनेजला एनएडीपीएच नावाचा इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू लागतो आणि ते महागाचं चलन पेशीच्या आतच असतं, बाहेर सांडून चालणार नाही. ऑक्सिडेजला मात्र फक्त हवा लागते, आणि हवा बाहेर फुकट आहे. इलेक्ट्रॉन धरून ठेवायला त्याच्याकडे स्वतःचा एफएडी असतो, तो बी-२ जीवनसत्त्वापासून बनतो, त्यामुळे शुद्ध केलेलं हे एन्झाइम छान पिवळं दिसतं. ऑक्सिजन काढून टाकून त्यात अल्कोहोल घातलं तर पिवळा रंग उडतो, हवा दिली की परत येतो. एन्झाइमचं काम नुसत्या डोळ्यांनी दिसतं असे प्रसंग फार थोडे.

आता कागदावरच्या त्या उलट्या सूचनेकडे येते, कारण हे सगळं त्यासाठीच सांगितलं. कागदात लिहिलंय की ओलावा टिकण्यासाठी बेड दुसऱ्या मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. असं अजिबात करू नका. बाहेरच्या त्या एन्झाइमला पेरॉक्साइड बनवायला ऑक्सिजन लागतोच. ऑक्सिजन संपला की पेरॉक्साइड बंद, पेरॉक्साइड बंद की लिग्निन फुटणं बंद, बुरशी मंदावते, आणि ओल्या पेंढ्यात बिनहवेचे जिवाणू सुटतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याच नर्सरीतून बेड आणला होता आणि कागदात लिहिलंय तसंच केलं, बेड आंबला, खालून तपकिरी पाणी सुटलं आणि त्यांना वाटलं की माल खराब. माल चांगला होता हो, माझा त्याच दिवशी आणलेला बेड मस्त पांढरा झाला होता. खरं तर धिंगरीचं जाळं कार्बन डायऑक्साइड बऱ्यापैकी सहन करतं, म्हणूनच ते पिशवीत वाढवता येतं, पण सहन करणं वेगळं आणि ऑक्सिजनच नसणं वेगळं. मी हे नर्सरीत जाऊन सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पण परवा गेले तेव्हा कागद तोच होता. हा माझा या प्रॉडक्टबद्दलचा सगळ्यात मोठा आक्षेप. एक ओळ बदलायची आहे, तेवढी बदला.

ओलाव्यासाठी काय करायचं मग? बेड सावलीत टांगा, खाली ओलं गोणपाट पसरा, आणि पिशवी काढल्यावर दिवसातून दोन-तीनदा स्प्रे बाटलीने बारीक फवारा मारा, धार नको. पावसाळ्यात ठाण्यात फवाराही फारसा लागत नाही, हवाच एवढी दमट असते. ऑक्टोबर हीटमध्ये मात्र लक्ष द्यावं लागतं, दुपारी एखादी फेरी जास्त मारावी लागते.

दुसरी तक्रार छोटी आहे, पण आहे. बेडवर स्पॉन कधी घातलं त्याची तारीख नाही. साधारण पंधरा ते वीस दिवसांत जाळं पेंढाभर पसरतं, तोवर बेड अंधाऱ्या जागेत ठेवायचा, मग पिशवी कापायची, मग उजेड आणि मोकळी हवा द्यायची. आता तुमच्या हातातला बेड पाचव्या दिवसाचा आहे की पंधराव्या, हे कळलंच नाही तर अंदाजाने चालावं लागतं. मी पेंढा सगळीकडून पांढरा दिसेपर्यंत थांबते, पिवळा पट्टा कुठे दिसतोय तोवर कापत नाही. पण नवीन माणसाला तारीख हवीच, साध्या मार्करने लिहिली तरी पुरे.

नर्सरीबद्दल चांगलं सांगायचं तर एक बेड हिरवा निघाला होता, म्हणजे ट्रायकोडर्माची बुरशी, गडद हिरवे डाग, ते मी फोटो काढून दाखवले तर काही न बोलता बदलून दिला, हुज्जत नाही, बिलसुद्धा मागितलं नाही. आणि मी विचारलं की पेंढा कसा शुद्ध करता, तर नीट उत्तर मिळालं. हा प्रश्न तुम्ही कुठेही बेड घेतलात तरी विचाराच. आपल्याकडे दोन पद्धती चालतात. एकात पेंढा गरम पाण्यात ठेवतात, साठ ते ऐंशी अंशांच्या दरम्यान, आणि दुसरीत कार्बेन्डाझिम नावाचं बुरशीनाशक आणि फॉर्मेलीन यांच्या पाण्यात सोळा-अठरा तास भिजवतात. दुसरी पद्धत बरेच उत्पादक वापरतात कारण इंधन लागत नाही, प्रमाण नीट पाळलं तर चालते असं शिकवलंही जातं, पण घरात मुलांच्या हाताळण्यात येणार असेल आणि संपल्यावर पेंढा कुंडीत घालायचा असेल तर मला गरम पाण्याचाच हवा. इथले गरम पाण्याचे आहेत, पेंढा मुरबाड-शहापूरकडून येतो म्हणाले. आपल्याच जिल्ह्यातला भात, आपल्याच जिल्ह्यातला पेंढा, हे मला आवडलं.

भाताच्या पेंढ्यावर धिंगरी घेणं हे भारतात फार जुनं नाही बरं का. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ साली भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढवण्याची पद्धत मांडली, मग १९७४ मध्ये जांडाइक आणि कपूर यांनी राखाडी धिंगरीचं काम प्रसिद्ध केलं, ती प्लुरोटस साजोर-काजू या नावाने देशभर पसरली. आता सोलनला मशरूमची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे आणि खेडोपाडी बचत गट बेड भरतात.

आणि इथे दोन धागे जुळतात म्हणून मला ही राखाडीच घ्यायला आवडते. कड्यावाल्या अल्कोहोलांचं ऑक्सिडीकरण करणारं एन्झाइम बुरशी वाढवलेल्या द्रवात पहिल्यांदा नोंदवलं गेलं १९६० मध्ये, फार्मर, हेंडरसन आणि रसेल यांनी, पण ते दुसऱ्याच लाकूडखाऊ बुरशीत, जिला तेव्हा पॉलिस्टिक्टस म्हणायचे. मग १९८८ मध्ये बुर्बोने आणि पेस या दोघांनी कॅनडात याच साजोर-काजूतून व्हेराट्रिल अल्कोहोल या दुसऱ्या एका कड्यावाल्या अल्कोहोलावर चालणारी ऑक्सिडेज वेगळी काढली आणि त्यातून पेरॉक्साइड निघतं हे दाखवलं. म्हणजे आपल्या ग्रिलला टांगलेल्या साडेतीनशे रुपयांच्या पिशवीतली बुरशी आणि ‘बायोकेमिकल जर्नल’मधल्या पेपरातली बुरशी एकाच नावाची! त्यानंतरचं बरंचसं काम स्पेनमध्ये, माद्रिदच्या गटाने किंग ऑयस्टर या धिंगरीच्या भाऊबंदावर केलं, २००९ मध्ये एन्झाइमची त्रिमित रचना आली. त्यात दिसतं की अल्कोहोलला आत शिरायची वाट अगदी अरुंद आहे, तिथे कड्यावाल्या अमिनो आम्लांचा पहारा आहे आणि आत हिस्टिडीन नावाचं एक अमिनो आम्ल बसलंय जे अल्कोहोलच्या ओएचवरचा प्रोटॉन ओढून घेतं, म्हणजे उरलेला हायड्रोजन इलेक्ट्रॉनांसकट थेट एफएडीवर जातो. असं काही वाचलं की मला पेंढ्याकडे बघायची नजरच वेगळी होते.

कॉलेजच्या मुलामुलींसाठी एक सांगून ठेवते, मला या बेडचा हा उपयोग सगळ्यात मोठा वाटतो. ज्यांच्या कॉलेजात यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रवात किती प्रकाश शोषला जातो ते मोजणारं यंत्र) आहे त्यांना या एन्झाइमचा प्रोजेक्ट छान करता येईल. पांढऱ्या झालेल्या पेंढ्याची मूठ थंड बफरमध्ये हलवून गाळायची, त्या पाण्यात व्हेराट्रिल अल्कोहोल घालायचं आणि ३१० नॅनोमीटरला व्हेराट्राल्डिहाइड वाढताना बघायचं. हीच जगभर वापरली जाणारी मोजणी आहे, यात महागडा किट लागत नाही. फक्त पेंढ्याचा अर्क रंगीत असतो त्यामुळे अल्कोहोल न घातलेला नमुना शेजारी ठेवायलाच हवा, आणि एक नमुना उकळून ठेवा, म्हणजे जे वाढतंय ते एन्झाइममुळेच हे सिद्ध होतं. ठाण्या-नवी मुंबईत एवढी सायन्स कॉलेजं आहेत, दरवर्षी मुलं अमायलेज आणि कॅटलेजचेच प्रोजेक्ट करतात, एखाद्याने हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं. उद्योगालाही यात रस आहे, कारण नैसर्गिक कच्च्या मालापासून एन्झाइमने बनवलेलं अल्डिहाइड युरोपच्या नियमांत नैसर्गिक फ्लेवर म्हणून विकता येतं, आणि हेच ऑक्सिडेज साखरेपासून निघणाऱ्या एचएमएफ नावाच्या रेणूवरही चालतं, ज्यापासून पुढे पेट्रोलियमशिवाय बाटल्यांचं प्लॅस्टिक बनवायचे प्रयत्न चालू आहेत. आमच्या नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात केमिकलचे एवढे कारखाने आहेत, तिथे सुगंधी अल्डिहाइड तीव्र ऑक्सिडंट वापरून गरम करून बनवण्यापेक्षा खोलीच्या तापमानाला पाण्यात बनलं तर कोणाला नको आहे.

बरं, खाण्याकडे येते, कारण शेवटी साडेतीनशे रुपये त्यासाठीच दिले. पिशवी कापल्यावर आठवड्याच्या आत बारीक टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसायला लागतात आणि मग ते एवढ्या वेगाने वाढतात की सकाळी आणि संध्याकाळी फरक दिसतो, माझी लेक आठवीत आहे, ती शाळेतून आली की आधी बाल्कनीत जायची. किलोभर कोरड्या पेंढ्याला साधारण सहाशे ते आठशे ग्रॅम ताजी धिंगरी, दोन-तीन बहरांत मिळून, असा हिशोब शेतीवाले सांगतात आणि माझा अनुभव त्याच्या जवळपासच आहे. पहिला बहर सगळ्यात मोठा, नंतर कमी कमी. दांडे लांब आणि टोप्या बारीक यायला लागल्या तर समजा हवा कोंडलीय, खिडकी उघडा. टोपीची कड अजून खाली वळलेली असतानाच काढा, सपाट होऊन वर वळायची वाट बघू नका. हे चवीसाठी तर आहेच पण बीजाणूंसाठी जास्त आहे. धिंगरी प्रचंड बीजाणू सोडते आणि बंद खोलीत ते सतत श्वासातून गेले तर काही लोकांच्या फुफ्फुसांना त्रास होतो, मशरूम फार्मवर काम करणाऱ्यांमध्ये हा आजार माहीत आहे. एक-दोन बेडने घाबरायचं कारण नाही, पण बेडरूममध्ये टांगू नका आणि घरात दम्याचं माणूस असेल तर बाल्कनीतच ठेवा. बाल्कनीला कबुतरांची जाळी हवी, ठाण्यात ते वेगळं सांगायला नको. चिलटं येतात, भोकांवर पातळ मलमल बांधली की कमी होतात, हवाही जात राहते.

चव? बाजारातल्या डब्यातल्या धिंगरीशी तुलनाच नको. काढून तासाभरात कढईत गेली की तिला एक मांसल गोडवा असतो. सासूबाईंनी कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून सुकं केलं, भाकरीबरोबर, त्या मुरबाडकडच्या, पावसाळ्यात रानातली अळंबी खाऊन वाढलेल्या, त्यांनी ‘हे जमलंय’ म्हटलं म्हणजे जमलंच. एक मात्र करा, कच्ची सॅलडमध्ये घालू नका, पूर्ण शिजवूनच खा, धिंगरीतली काही प्रथिनं कच्ची असताना चांगली नसतात आणि शिजवल्यावर मोडतात. काकूंनी मला विचारलं होतं की अगं पेरॉक्साइड आणि अल्डिहाइड म्हणतेस, मग खायचं कसं. काकू, ते पेरॉक्साइड पेंढ्यात तयार होतं तसं लगेच खर्चही होतं, आणि त्या अल्डिहाइडचं प्रमाण नाकाला कळण्याइतकंच असतं, बडीशेपेतही ॲनिसाल्डिहाइड थोडं असतंच. आणि येऊरला पावसात दिसणारी रानटी छत्री ओळखीशिवाय कधीही तोडून आणू नका, बेडवर काय उगवतंय ते आपल्याला माहीत असतं, जंगलात नसतं.

बहर संपल्यावर पेंढा बघा जरूर. सुरुवातीला सोनेरी, कडक, हाताला टोचणारा होता, आता फिकट, हलका आणि दोन बोटांत सुटणारा झालेला असतो. तो फिकटपणा म्हणजे गेलेलं लिग्निन. अशा बुरशींना व्हाइट रॉट म्हणतात ते यामुळेच, कारण तपकिरी रंग लिग्निनसोबत जातो. हा पेंढा कुंडीत आच्छादन म्हणून घाला किंवा कंपोस्टमध्ये टाका, झटकन कुजतो कारण अवघड काम आधीच झालेलं असतं. आमच्या सोसायटीच्या माळीदादांनी उरलेला सगळा नेला, आता तेच विचारतात पुढचा कधी.

ऑनलाइन जी खोक्यातली किट मिळतात, भुशावरची, तीही मी मागवून बघितली. दिसायला सुबक, खिडकी कापा आणि फवारा मारा एवढंच, बिल्डिंगमध्ये ज्यांना पेंढ्याचा पसारा नको त्यांना ठीक. पण तेवढ्याच किंवा जास्त पैशात मशरूम कमी येतात, आणि सगळं पुठ्ठ्याच्या आड असल्यामुळे जाळं पसरताना दिसत नाही, माझ्यासाठी तर अर्धी मजा तिथेच गेली. किंग ऑयस्टरचं किट कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, ज्या बुरशीवर एन्झाइमचं सगळ्यात जास्त संशोधन झालंय ती हीच, पण तिला कोंब फुटायला थंडी लागते, ठाण्यात एसीशिवाय ते होणं कठीण. जुलै ते फेब्रुवारी राखाडी किंवा पांढरी धिंगरी घ्या. एप्रिल-मेमध्ये त्या रुसतात, तेव्हा गुलाबी धिंगरी मागा, ती उकाडा जास्त सोसते, नर्सरीवाले आधी सांगितलं तर भरून देतात. गुलाबीचा रंग शिजवल्यावर उडतो आणि ती टिकतेही कमी, काढल्या दिवशीच खायची.

रेटिंग पाचपैकी चार. एक कापलाय तो कागदासाठी आणि तारखेसाठी. सकाळी अकराच्या आत जा, नवीन बेड त्याच वेळी मांडलेले असतात आणि वास घेऊन निवडायला वेळ मिळतो, रविवारी गर्दी असते. रिक्षाने आणताना बेड मांडीवर उभा धरा, आडवा दाबू नका, आणि कारच्या बंद डिकीत उन्हात तर मुळीच ठेवू नका.